क्रीडांगणांची सहल: दाखवले ते उत्तम, वगळले ते महत्त्वाचे

2023 च्या सुरुवातीला कामानिमित्त तेल अवीवमध्ये मुक्काम असताना तेथील एका छोट्या सहल-संस्थेची तीन दिवसांची क्रीडासहल मी केली. माणशी 2,400 शेकेल (इस्रायली चलन) शुल्क होते. त्यात मार्गदर्शक, छोटी बस, दोन दुपारची जेवणे, संग्रहालयाचे प्रवेशमूल्य आणि दोन सामन्यांची तिकिटे यांचा समावेश होता, निवासाचा नव्हता. आम्ही एकूण बारा जण होतो. बहुतेक जण अमेरिका, फ्रान्स आणि अर्जेंटिना येथून आलेले होते, आणि भारतीय मी एकटाच होतो. संस्थेचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी गंभीर आहेत आणि त्या एकाच फेरीच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत. अशा सहलींविषयी अलीकडे दोन-तीन परिचितांनी विचारणा केल्यामुळे, उशिरा का होईना, हे परीक्षण लिहीत आहे.

संस्थेच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापले होते की, खेळ या देशाला एकत्र बांधतो. सहलीचे मूल्यमापन करताना मी हेच वाक्य कसोटी म्हणून वापरले आहे. ते खोटे नाही. पण इस्रायलमध्ये संघांची नावे, त्यांचे रंग आणि सामन्यांचे वार हे सगळे मुळात वेगवेगळ्या राजकीय आणि धार्मिक गटांनी ठरवलेले आहेत, आणि त्यामुळे खेळाकडे पाहणे म्हणजे कापड उलटे करून त्याच्या शिवणी पाहण्यासारखे आहे. आमच्या मार्गदर्शकाने पहिल्या दिवशी हे कापड फार कौशल्याने उलटून दाखवले. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मात्र ते घाईघाईने घडी करून ठेवण्यात आले.

मार्गदर्शक साठीच्या घरातले, हैफात जन्मलेले गृहस्थ होते आणि त्यांचे इंग्रजी सावकाश व स्पष्ट होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या पहिल्याच थांब्यावर त्यांनी एकही क्रीडांगण न दाखवता संघांच्या नावांविषयी बोलायला सुरुवात केली, आणि सहलीतला सर्वांत मोलाचा तास तोच ठरला. आपल्याकडे गायकाचे घराणे कळले की निम्मे गाणे कळते असे म्हणतात. इस्रायली संघांच्या बाबतीतही मकाबी, हापोएल, बेतार आणि एलित्सूर ही चार घराणी कळल्याशिवाय काहीच कळत नाही. हापोएल म्हणजे कामगार. 1920 च्या दशकात हिस्टाड्रुट या कामगार महासंघाच्या छायेत हे घराणे उभे राहिले, त्याचा रंग लाल, आणि त्याच्या जुन्या चिन्हात हातोडा व विळा आहेत. बेतार हे झाबोतिन्स्की या ज्यू नेत्याच्या राष्ट्रवादी युवक-चळवळीचे नाव, आणि त्या नावाच्या संघांचे नाते पुढे उजव्या विचारांच्या लिकूद पक्षाशी जुळले. एलित्सूर हे धार्मिक झायोनवाद्यांचे, म्हणजे ज्यूंचे स्वतंत्र राष्ट्र मागणाऱ्या चळवळीतल्या धार्मिक गटाचे घराणे, जे शनिवारी खेळत नाही. मकाबी हे यांतले सर्वांत जुने, मध्यमवर्गीय आणि तुलनेने पक्षनिरपेक्ष मानले गेलेले घराणे. तेल अवीवच्या मकाबी क्लबची सुरुवात 1906 सालची, म्हणजे तेल अवीव शहर वसण्याच्याही आधीची आहे.

मार्गदर्शकांचे स्वतःचे बालपण हापोएलच्या छायेत गेले होते. वडिलांची कामगार संघटना, घरी येणारे वर्तमानपत्र, आजारपणात जायचा दवाखाना आणि शनिवारचा फुटबॉल संघ हे सर्व एकाच छत्राखालचे होते, आणि मुलाने मकाबीचा पिवळा सदरा मागणे हा घरात अपराधच समजला जाई, असे त्यांनी सांगितले. राज्य स्थापन झाल्यानंतर फुटबॉल संघटनेवर ताबा कोणाचा, या प्रश्नावरून मकाबी आणि हापोएल यांच्यात इतके टोकाचे भांडण झाले की सुरुवातीच्या वर्षांत राष्ट्रीय लीगचे हंगामच बुडाले. आज या नावांमागचे पक्षीय बळ बरेच ओसरले आहे, संघ खासगी मालकांच्या हाती गेले आहेत. तरीही प्रेक्षकांच्या गाण्यांतून जुने हिशेब अजून ऐकू येतात. मला वाटते, हा एक तास संस्थेने स्वतंत्रपणे विकला तरी त्याला गिऱ्हाईक मिळेल.

येथे एक अवांतर नोंद करावीशी वाटते. मकाबी हे नाव ज्या प्राचीन ज्यू बंडखोरांवरून घेतले आहे, त्यांचा रोष ज्या गोष्टींवर होता त्यांत जेरुसलेममध्ये उभारलेली ग्रीक पद्धतीची व्यायामशाळाही होती. व्यायामशाळेला विरोध करणाऱ्यांचे नाव दोन हजार वर्षांनी जगभरातल्या ज्यू व्यायामशाळांना मिळावे, ही गंमत मार्गदर्शकांनी सांगितली नाही. मी विचारल्यावर ते मनापासून हसले आणि पुढच्या फेरीपासून सांगेन असे म्हणाले.

त्यानंतर आम्ही रमत गान येथील कफर हमकाबिया संकुलातील क्रीडा संग्रहालयात गेलो. संग्रहालय लहान आहे, मांडणी जुन्या पद्धतीची आहे, आणि मार्गदर्शक सोबत नसता तर मी तेथून वीस मिनिटांत बाहेर पडलो असतो. झायोनवादी नेते मॅक्स नॉरडाऊ यांनी 1898 च्या दुसऱ्या झायोनवादी अधिवेशनात "बलदंड ज्यूधर्मा"ची कल्पना मांडली, तेव्हापासूनची कथा त्यांनी सांगितली. युरोपातल्या ज्यू तरुणाने ग्रंथावरून मान वर करून शरीर कमवावे, हा त्या कल्पनेचा गाभा होता. तिच्यातून बर्लिनमधला बार कोखबा आणि 1909 साली व्हिएन्नात स्थापन झालेला हाकोआह असे क्लब उभे राहिले. हाकोआहने 1925 साली ऑस्ट्रियाचे फुटबॉल विजेतेपदही मिळवले. 1938 मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या घशात गेल्यावर तो क्लब बंद पाडण्यात आला.

मकाबिया, म्हणजे जगभरातल्या ज्यू खेळाडूंची क्रीडास्पर्धा, पहिल्यांदा 1932 साली तेल अवीवमध्ये झाली. त्या वेळचे महापौर मेइर डिझेनगॉफ पांढऱ्या घोड्यावर बसून मिरवणुकीच्या अग्रभागी होते, म्हणून तिला आजही पांढऱ्या घोड्याची मकाबिया म्हणतात. त्या वेळी तेथे राज्य करणाऱ्या ब्रिटिशांनी ज्यूंच्या स्थलांतरावर बंधने घातलेली असल्यामुळे 1932 आणि 1935 च्या स्पर्धांसाठी आलेल्यांपैकी अनेक जण परत गेलेच नाहीत. खेळाडू म्हणून आलेला माणूस नागरिक म्हणून राहिला, हा प्रकार पुढे या देशाच्या क्रीडा-इतिहासात वेगवेगळ्या रूपांत पुन्हापुन्हा दिसतो. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर आलेल्या स्थलांतरितांनी जिम्नॅस्टिक्स आणि मैदानी खेळ उभे केले, तर इथिओपियातून आलेल्यांनी लांब पल्ल्याच्या धावण्याला बळ दिले. 2022 साली म्युनिकमधील युरोपीय स्पर्धेत पुरुषांच्या मॅरेथॉनचे सांघिक सुवर्ण इस्रायलला मिळाले ते त्यामुळेच. मकाबियाची दुःखद बाजू, म्हणजे 1997 साली यार्कोन नदीवरचा तात्पुरता पूल कोसळून ऑस्ट्रेलियाच्या चार खेळाडूंचा झालेला मृत्यू, तीही मार्गदर्शकांनी न टाळता सांगितली.

दुपारी किर्यात शाऊल स्मशानभूमीतला थांबा होता. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधील दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या 11 इस्रायली खेळाडू, प्रशिक्षक व पंचांपैकी पाच जणांच्या कबरी येथे शेजारी शेजारी आहेत. सहल-संस्था अशा ठिकाणी फार बोलतात, असा माझा इतर देशांतला अनुभव आहे. येथे मार्गदर्शकांनी केवळ नावे वाचली, प्रत्येकाचा खेळ सांगितला आणि दहा मिनिटे आम्हाला मोकळे सोडले. बसमध्ये परतल्यावर त्यांनी पुढचा धागा जोडला. इस्रायलचे पहिले ऑलिंपिक पदक त्यानंतर 20 वर्षांनी, 1992 साली बार्सिलोनात आले, ज्युडोमध्ये याएल आराद यांनी ते मिळवले आणि म्युनिकमधील मृतांच्या कुटुंबीयांना अर्पण केले. ऑलिंपिकच्या उद्घाटन समारंभात या 11 जणांसाठी स्तब्धता पाळली जाण्यासाठी मात्र टोकियोच्या, म्हणजे 2021 मध्ये झालेल्या समारंभापर्यंत वाट पाहावी लागली. सहलीतील या भागाला मी पूर्ण गुण देतो.

संध्याकाळी तेल अवीवच्या याद एलियाहू भागातील बास्केटबॉलगृहात सामना होता. हे बांधकाम 1963 साली उघड्या मैदानासारखे सुरू झाले आणि 1972 मध्ये त्यावर छत आले; आज तेथे सुमारे 10,000 प्रेक्षक बसतात आणि मकाबी तेल अवीवच्या सामन्याला ते सगळे एका आवाजात ओरडतात. या संघाने 1970 ते 1992 अशी सलग 23 वर्षे देशाचे विजेतेपद मिळवले, आणि त्याच्या युरोपीय विजेतेपदांची संख्या सहा आहे. सामन्याआधी मार्गदर्शकांनी 1977 सालाची जी कथा सांगितली, ती ऐकण्यासाठी मी पुन्हा पैसे भरीन. त्या वर्षी फेब्रुवारीत मकाबीची गाठ मॉस्कोच्या सीएसकेए या सैन्यदलाच्या संघाशी पडली. राजनैतिक संबंध नसल्याने हा सोव्हिएत चमू तेल अवीवला येईना आणि इस्रायली संघाला मॉस्कोत बोलावीना, म्हणून बेल्जियममधल्या व्हिर्टोन नावाच्या छोट्या गावात सामना झाला. मकाबीने तो जिंकला, आणि अमेरिकेतून येऊन स्थायिक झालेले कर्णधार ताल ब्रोडी यांनी आपल्या अमेरिकी धाटणीच्या हिब्रूत, आपण नकाशावर आहोत आणि नकाशावरच राहणार, अशा अर्थाचे वाक्य उच्चारले. ते वाक्य आज शाळकरी मुलांनाही पाठ आहे. 7 एप्रिलला बेलग्रेडमधील अंतिम सामन्यात वारेसेच्या इटालियन संघावर 78-77 असा एका गुणाने विजय मिळाला; आणि देश रस्त्यावर येऊन नाचत असताना त्याच रात्री पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी दूरचित्रवाणीवरून पदत्यागाची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात कामगार पक्षाची सलग सत्ता संपली आणि मेनाखेम बेगिन यांचा लिकूद निवडून आला.

मार्गदर्शकांच्या मते जुना इस्रायल त्या वसंतात संपला, आणि त्याचा निरोप समारंभ बास्केटबॉलच्या मैदानावर झाला. हे मत थोडे नाट्यमय आहे, पण विचार करायला लावणारे आहे. तिकिटांविषयी मात्र एक तक्रार: माहितीपत्रकात "मध्यभागी उत्तम जागा" असे आश्वासन होते आणि आम्हाला मिळाल्या त्या कोपऱ्यातल्या, छताजवळच्या रांगेतल्या. गोंगाट इतका होता की जागा कुठेही असती तरी फरक पडला नसता, हा संस्थेचा बचाव मला पटला नाही.

दुसरा दिवस शुक्रवार होता. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होत असल्याने त्या दिवशी सगळा कार्यक्रम घाईचा होतो, ही गोष्ट संस्थेने गृहीत धरायला हवी होती. सकाळी जेरुसलेमला गेलो आणि टेडी मैदान बाहेरून व थोडे आतून पाहिले. दीर्घकाळ महापौर राहिलेल्या टेडी कोलेक यांचे नाव असलेले हे मैदान 1991 मध्ये सुरू झाले, आणि बेतार जेरुसलेम व हापोएल जेरुसलेम हे दोन्ही संघ येथेच खेळतात. बेतारचा चाहता वर्ग मुख्यतः उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या ज्यूंचा. कामगार पक्षाच्या काळात ज्यांना नोकरी, घर आणि मान या तिन्ही बाबतींत दुय्यम वागणूक मिळाल्याची भावना होती, त्यांनी बेगिन यांच्याबरोबर बेतारलाही आपले मानले. येथपर्यंतचे निवेदन उत्तम होते. हापोएलच्या चाहत्यांनी 2007 साली मालकाला कंटाळून वर्गणीतून स्वतःचा संघ काढला आणि पुढे 2020 मध्ये जुने नावही परत मिळवले, ही हकिकतही त्यांनी रंगवून सांगितली.

पण बेतारच्या चाहत्यांतील कडव्या गटाविषयी आमच्यातल्या एका फ्रेंच बाईंनी सरळ प्रश्न विचारला, तेव्हा मार्गदर्शकांनी घड्याळ पाहिले आणि बसकडे चला म्हणाले. हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. शतकाच्या जवळ पोहोचणाऱ्या आयुष्यात या संघाने इस्रायलच्या अरब मुस्लिम नागरिकांपैकी एकालाही खेळाडू म्हणून घेतलेले नाही. 2013 मध्ये दोन चेचेन मुस्लिम खेळाडू आणले गेले तेव्हा क्लबच्या कार्यालयाला आग लावण्यात आली, आणि त्यांच्यापैकी झाउर सादायेव याने गोल केला तेव्हा काही प्रेक्षक उठून निघून गेले. आपल्याच संघाने गोल केल्यावर निषेध म्हणून मैदान सोडणारा प्रेक्षक ही गोष्ट, खेळ या देशाला एकत्र बांधतो असे छापणाऱ्या संस्थेने तरी समजावून सांगायला हवी होती. मार्गदर्शकांना ते सांगता आले नसते असे नाही. पहिल्या दिवशीचा त्यांचा सडेतोडपणा पाहता, ग्राहकांना अवघडल्यासारखे होऊ नये अशी वरून सूचना असावी, असा माझा तर्क आहे.

खरी निराशा पुढे होती. छापील कार्यक्रमात शुक्रवारी दुपारी उत्तरेकडच्या गालिलीतील सखनीन या अरब शहराची भेट होती, आणि मी ही सहल निवडली ती मुख्यतः त्यासाठी. जेरुसलेमहून निघाल्यावर बसमध्ये जाहीर करण्यात आले की वेळेअभावी सखनीन रद्द करण्यात आले असून त्याऐवजी वाटेतल्या एका द्राक्षमद्याच्या कारखान्यात चव घेण्याचा कार्यक्रम ठेवला आहे. वेळ कमी पडणार हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही आदल्या दिवशीच कळले असते. सकाळी जेरुसलेम आणि शब्बाथपूर्वी सखनीन हा बेत एका दिवसात बसत नाही; तो छापला गेला, याचा अर्थ तो पाळण्याचा विचार कधी फारसा नसावा. द्राक्षमद्य चांगले होते, पण त्याचा क्रीडेशी संबंध काय, याचे उत्तर मिळाले नाही.

म्हणून रविवारी मी स्वतःच सखनीनला गेलो. तेल अवीवहून रेल्वेने कार्मिएलपर्यंत आणि तेथून टॅक्सीने, असा प्रवास मुळीच अवघड नाही. बनेई सखनीन या संघाने 2004 साली इस्रायलचा राज्य चषक जिंकला. अरब शहराच्या संघाने तो जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यामुळे सुमारे 25,000 वस्तीच्या त्या गावाच्या संघाला युरोपीय स्पर्धेत इस्रायलचे प्रतिनिधित्व करण्याचा मान मिळाला. त्यानंतर कतारच्या आर्थिक साहाय्याने नवे मैदान झाले, म्हणून त्याचे नाव दोहा मैदान. संघात ज्यू खेळाडूही असतात, प्रशिक्षकही ज्यू राहिलेले आहेत, आणि ड्रेसिंग रूममध्ये हिब्रू व अरबी दोन्ही चालतात. याच संघाचा अब्बास सुआन मार्च 2005 मध्ये आयर्लंडविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल करून देशाचा नायक झाला, आणि चारच दिवसांनी वालिद बदीर या दुसऱ्या अरब खेळाडूने फ्रान्सविरुद्ध बरोबरी साधून दिली. त्याच काळात बेतारच्या चाहत्यांनी, सुआन आमचा प्रतिनिधी नाही, अशा अर्थाचा फलक झळकावला. या दोन्ही गोष्टी एकाच काळात ज्या देशात घडू शकतात, त्याच्या क्रीडासंस्कृतीची सहल सखनीन वगळून पूर्ण कशी होणार? बंद दाराबाहेर उभे राहून मी मैदान पाहिले. रखवालदाराने चहा विचारला आणि 2004 च्या अंतिम सामन्याचा वृत्तांत हातवाऱ्यांनी सांगितला. सहलीतल्या दोन्ही जेवणांपेक्षा तो चहा मला अधिक मोलाचा वाटला.

सहलीचा तिसरा आणि शेवटचा दिवस शनिवारचा. सकाळी समुद्रकिनाऱ्यावर मतकोत नावाचा खेळ शिकवण्याचा कार्यक्रम होता आणि तो अतिशय आनंदाचा झाला. दोन लाकडी फळ्या आणि एक लहान रबरी चेंडू एवढ्या साहित्यावर चालणाऱ्या या खेळात गुण मोजत नाहीत. समोरच्याला हरवायचे नसते, चेंडू दोघांनी मिळून हवेत ठेवायचा असतो. फ्रिशमन आणि गॉर्डन किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी त्याचा टक टक आवाज अखंड चालतो, आणि त्याला वैतागलेल्या लोकांच्या तक्रारींवरून खेळासाठी जागा व वेळ यांची बंधनेही घातली गेली आहेत. अनेक इस्रायली त्याला थट्टेने राष्ट्रीय खेळ म्हणतात. संस्थेने शेवटी फळ्यांची जोडी 120 शेकेलला विकत घेण्याचा आग्रह धरला. किनाऱ्याजवळच्या दुकानांत साधी जोडी त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते, आणि नवशिक्याला तीच पुरेशी आहे.

संध्याकाळी तेल अवीवचाच भाग असलेल्या याफोतील ब्लूमफिल्ड मैदानावर फुटबॉल सामना होता. हे मैदान शहरातले मकाबी, हापोएल आणि बनेई येहुदा असे तीन संघ वाटून घेतात. 2019 मध्ये नूतनीकरण पूर्ण झाल्यावर त्याची क्षमता 29,000 च्या पुढे गेली आहे. आमच्या वाट्याला लाल बाजूचा, म्हणजे हापोएलचा सामना आला. पायाखाली सूर्यफुलाच्या बियांच्या सालींचा थर, शेजारी आजोबा आणि नातू एकाच लयीत बिया फोडणारे, आणि दर पाच मिनिटांनी पंचाच्या पूर्वजांचा उद्धार. वातावरणाचा अस्सलपणा येथे विकत घ्यावा लागत नाही. शनिवारच्या सामन्यांचा प्रश्न मार्गदर्शकांनी चांगला उलगडला. शब्बाथ पाळणारा खेळाडू शनिवारी खेळू शकत नाही, तर आठवडाभर राबणाऱ्या प्रेक्षकाला सुट्टी असते ती शनिवारीच. 2015 मध्ये परवान्याशिवाय शब्बाथला सामने खेळवणे बेकायदा असल्याची भूमिका न्यायालयीन पातळीवर पुढे आली, तेव्हा लीगच बंद पडण्याची वेळ आली होती. अखेर महान्यायवादींनी कायद्याची अंमलबजावणी न करण्याचा मार्ग काढल्यामुळे गाडी पुढे सरकली. धर्म आणि राज्य यांच्यातले बरेच प्रश्न इस्रायलमध्ये असेच, न सोडवता चालू ठेवले जातात.

शनिवारी बस चालणार नाही, मैदानापर्यंत आपापले यावे, हे मात्र संस्थेने आम्हाला शनिवारी सकाळी सांगितले. तेल अवीव महापालिकेची शुक्रवार-शनिवारची मोफत बससेवा 2019 पासून आहे, पण तिचे मार्ग परदेशी पाहुण्याने शोधून काढावेत ही अपेक्षा वाजवी नाही. त्यातच त्या दिवसांत न्यायव्यवस्थेतील बदलांविरुद्ध दर शनिवारी रात्री काप्लान रस्त्यावर प्रचंड निदर्शने होत असल्याने परतताना रस्ते बंद होते, आणि अर्जेंटिनाच्या वयस्कर जोडप्याला तासभर चालावे लागले.

भारतीय वाचकासाठी दोन नोंदी कराव्याशा वाटतात, कारण सहलीत त्यांचा उल्लेखही झाला नाही. 1964 चा आशियाई फुटबॉल चषक इस्रायलमध्ये झाला होता. यजमानांनी तो जिंकला आणि चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील भारत उपविजेता ठरला, इस्रायलविरुद्ध आपण 0-2 असे हरलो होतो. पुढे आशियातले देश इस्रायलशी खेळायला नकार देऊ लागले, 1974 मध्ये आशियाई महासंघाने इस्रायलला बाहेर काढले, आणि मधली वर्षे ओशनियाच्या गटातूनही खेळून 1994 मध्ये त्याला युरोपीय महासंघाचे पूर्ण सदस्यत्व मिळाले. संघाने विश्वचषक गाठला तो एकदाच, 1970 साली, आणि तोही आशियाच्या बाजूने. बेघर संघाची ही भटकंती सहलीच्या विषयाच्या केंद्रस्थानी हवी होती. दुसरी नोंद क्रिकेटची. अश्दोद, बेर शेवा, दिमोना, लोद अशा ठिकाणी जे क्रिकेट टिकून आहे ते प्रामुख्याने भारतातून गेलेल्या ज्यूंमुळे, आणि त्यांत कोकणातून गेलेले, घरी मराठी बोलणारे बेने इस्रायली मोठ्या संख्येने आहेत. 1974 पासून इस्रायल आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा सहयोगी सदस्य आहे. 1979 च्या आयसीसी करंडकात श्रीलंकेने त्याच्याविरुद्ध खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला होता. मी हे सांगितल्यावर मार्गदर्शकांनी, आमच्याकडे क्रिकेट कोण पाहतो, असे विचारले. प्रश्न रास्त होता, तरी थोडा लागला.

आणखी एका माणसाची गोष्ट सहलीत असायला हवी होती. आर्तेम डोल्गोपियात हा युक्रेनमध्ये जन्मलेला जिम्नॅस्ट टोकियोत सुवर्णपदक जिंकला आणि सारा देश त्याच्यासाठी नाचला. पण वडील ज्यू आणि आई ज्यू नसल्यामुळे धार्मिक न्यायालयाच्या दृष्टीने तो ज्यू ठरत नाही, आणि इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नसल्याने त्याला स्वदेशात लग्न करता येत नाही, ही व्यथा त्याच्या आईने विजयाच्या दिवशीच बोलून दाखवली होती.

सेवेच्या इतर बाबी थोडक्यात सांगतो. बस स्वच्छ होती, कानात लावायची श्रवणयंत्रे व्यवस्थित चालत होती, शाकाहारी जेवण मागताच मिळाले आणि शाक्षुका हा टोमॅटो-अंड्यांचा पदार्थ वगळून दिलेले हुमुस व भाज्या रुचकर होत्या. बेर शेवाच्या हापोएलने, एका स्त्री-मालकाच्या नेतृत्वाखाली, 2016 साली 40 वर्षांनी लीग जिंकली, याविषयी मार्गदर्शक भरभरून बोलले, पण दक्षिणेत कोठेही नेण्याची संस्थेची योजना नव्हती. ज्याला या देशाची पूर्वपीठिका नाही, त्याने केवळ पहिला दिवस घ्यावा, असा माझा सल्ला आहे. तेव्हा एका दिवसाचे शुल्क 900 शेकेल होते आणि तेवढे वसूल होण्याजोगे होते. तिसरा दिवस कोणालाही स्वतःचा स्वतः करता येण्याजोगा आहे. ऑक्टोबर 2023 पासूनच्या युद्धामुळे इस्रायली संघांचे युरोपीय सामने दीर्घकाळ देशाबाहेर खेळवावे लागले, मकाबीच्या बास्केटबॉल संघाने तर बेलग्रेडला घर केले होते. त्यामुळे ज्या सामन्याची तिकिटे देऊ केली जातात तो कोठे आहे, हे नोंदणीपूर्वी विचारून घ्यावे.

सखनीनच्या बाबतीत मी संस्थेला लेखी तक्रार केली होती. तीन आठवड्यांनी 150 शेकेल परत आले, आणि सोबतच्या पत्रात लिहिले होते की किमान आठ जणांचा गट असेल आणि प्रत्येकाने 350 शेकेल जादा भरले, तर सखनीनची भेट विनंतीवरून आखता येईल.